इंटरनेट कोर्टाची पायरी चढतं तेव्हा

अमेरिकेतल्या बेलसाउथ या टेलिफोन कंपनीनं आपल्या एका कागदपत्राची किंमत ७९,४४९ डॉलर लावली होती. कागदपत्र मोजक्या पानांचं होतं. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाची यंत्रणा कुणी सांभाळायची, कुठल्या विभागाची जबाबदारी कोणती, असा कचेरीतला रुक्ष मजकूर त्यात होता. एका हॅकरनं तो कंपनीच्या संगणकातून उतरवून घेतला आणि मिसुरी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं काटछाट करून आपल्या ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याबद्दल जुलै १९९० मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात त्या विद्यार्थ्यावर खटला उभा राहिला.

बचाव पक्षानं हा आकडा सोलून काढला. मजकूर टाइप करायला वापरलेला ३१,००० डॉलरचा संगणक आणि तो छापणारा ६,००० डॉलरचा प्रिंटर, या दोन्हींची पूर्ण किंमत कंपनीनं कागदपत्राच्या माथी मारली होती. त्याहून कळस म्हणजे याच यंत्रणेची अधिक सविस्तर माहिती देणारी पुस्तिका कुणालाही १३ डॉलरला विकत मिळत होती. सुनावणी सुरू होऊन आठवडा उलटायच्या आत सरकारनं खटला मागे घेतला.

या विद्यार्थ्याला वाचवायला कुठला नवा कायदा लागला नाही. ‘ही वस्तू नेमकी आहे काय?’ हा साधा प्रश्न कुणीतरी चिकाटीनं विचारला, एवढंच. इंटरनेटच्या कायद्याचा पहिला काळ या एका प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न विचारणं हाच ज्यांनी पेशा केला, त्या वकिलांमधलं एक ठळक नाव म्हणजे माइक गॉडविन.

ऑस्टिनमधला विद्यार्थी

गॉडविनचा जन्म १९५६ सालचा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातून तो पदवीधर झाला आणि काही वर्षांनी कायदा शिकायला तिथेच परतला. तिथे शिकत असतानाच ‘द डेली टेक्सन’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा तो संपादक होता. संध्याकाळ झाली की टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून गावातल्या बुलेटिन बोर्डांवर गप्पा मारायच्या, वाद घालायचे, ही त्याची आवड. म्हणजे कायदा, पत्रकारिता आणि मोडेम ही तिन्ही अंगं त्याच्यात पदवी हातात पडण्यापूर्वीच एकत्र आली होती.

बुलेटिन बोर्ड म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. कुणीतरी आपल्या घरात किंवा दुकानात एक संगणक चालू ठेवायचा, त्याला टेलिफोन जोडायचा. बाकीच्यांनी आपापल्या संगणकावरून त्या नंबरला फोन लावायचा, इतरांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहायचं, एखाद्याला खासगी पत्र ठेवायचं आणि फोन बंद करायचा. एका वेळी एकाला, फार तर दोघाचौघांना जागा. पण अशा हजारो छोट्या बोर्डांवर लोक एकमेकांशी बोलायला शिकत होते. अशा चर्चांमध्ये गॉडविनला एक खोड वारंवार दिसली. वाद लांबत गेला की कुणी ना कुणी समोरच्याची तुलना हिटलरशी करतोच. हे निरीक्षण त्यानं १९९० साली नियमाच्या भाषेत मांडलं आणि ‘गॉडविनचा नियम’ म्हणून ते जगभर पोचलं. नरसंहाराचं नाव लोकांनी उठसूट घेऊ नये, घेण्यापूर्वी इतिहासाचा विचार करावा, हा त्यामागचा त्याचा हेतू होता.

स्टीव्ह जॅक्सनच्या दारात सीक्रेट सर्व्हिस

१ मार्च १९९० रोजी सकाळी अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसचे लोक ऑस्टिनमधल्या ‘स्टीव्ह जॅक्सन गेम्स’ या कंपनीत शिरले. ही कंपनी खेळ तयार करायची. पण हे खेळ संगणकावरचे नव्हते, पुस्तकं आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचे होते. अधिकाऱ्यांनी संगणक नेले, फ्लॉप्या नेल्या, आणि ‘गर्प्स सायबरपंक’ या येऊ घातलेल्या खेळाच्या पुस्तकाचं हस्तलिखितही त्यांच्यासोबत गेलं. कंपनीवर गुन्ह्याचा आरोप नव्हता. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं स्वतःच्या घरी चालवलेल्या बोर्डवर ‘फ्रॅक’चा तो अंक होता, हा या धाडीमागचा धागा. ज्या कागदपत्राची खरी किंमत पुढे १३ डॉलरवर आली, त्याच कागदपत्रापायी एक प्रकाशन संस्था बंद पडायची वेळ आली. हातातलं पुस्तक गेलं, नव्यानं लिहावं लागलं, आणि मालकाला जवळजवळ निम्मी माणसं कमी करावी लागली.

जप्त झालेल्या संगणकांपैकी एकावर कंपनीचा ‘इल्युमिनाटी’ नावाचा बुलेटिन बोर्ड चालत होता. त्याचे ३६५ सदस्य होते. संगणक उचलला गेला तेव्हा त्यावर १६२ खासगी पत्रं पडून होती, ज्यांना ती लिहिली होती त्यांनी अजून न वाचलेली.

गॉडविन तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता. धाडीची बातमी बोर्डांवर पसरली, पण वर्तमानपत्रांना तिचा पत्ता नव्हता. त्यानं बोर्डांवरच्या चर्चेची छापील पानं काढली आणि ती घेऊन गावातल्या दैनिकाकडे गेला. राष्ट्रीय साप्ताहिकाच्या ओळखीच्या पत्रकारालाही कळवलं. ‘द वेल’ या कॅलिफोर्नियातल्या ऑनलाइन कट्ट्यावर तो लिहीत असे. तिथेच लोटस कंपनीचे संस्थापक मिच केपोर आणि गीतकार जॉन पेरी बार्लो यांच्याशी त्याचा परिचय झाला. या दोघांनी जॉन गिलमोर यांच्या साथीनं जुलै १९९० मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’, म्हणजे ईएफएफ, ही संस्था उभी केली. नुकतीच पदवी घेतलेला गॉडविन तिचा पहिला पगारी वकील झाला.

कंपनीचा मालक स्टीव्ह जॅक्सन यानं धाडीविरुद्ध दावा लावला आणि त्यामागे ईएफएफ उभी राहिली. १९९३ च्या जानेवारीत ऑस्टिनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांच्यासमोर सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलांनी दोन गोष्टी ठामपणे मांडल्या. पहिली, खेळाचं हस्तलिखित संगणकात असलं तरी ते छपाईला निघालेलं पुस्तक आहे आणि १९८० च्या कायद्यानं प्रकाशकाच्या अशा साहित्याला संरक्षण आहे. दुसरी, बोर्डवरची खासगी पत्रं ही पत्रंच आहेत. १९८६ च्या कायद्यानुसार ती उघडायची तर सरकारला त्यासाठीची रीत पाळावी लागेल. न्यायाधीशांनी धाडीतल्या अधिकाऱ्याला भर कोर्टात विचारलं, की ही कंपनी काय धंदा करते हे शोधायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता? तासभर? त्या एका तासाची चौकशी कुणीही केलेली नव्हती.

मार्च १९९३ मध्ये निकाल लागला. कंपनीला सुमारे ५१,००० डॉलरची भरपाई, प्रत्येक वादीला कायद्यानं ठरलेले १,००० डॉलर आणि वकिलांचा खर्च. एक मुद्दा मात्र वादी हरले. न वाचलेलं पत्र संगणकासकट उचलून नेणं म्हणजे चालू संभाषण मध्येच चोरून ऐकणं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कोर्टानं मानलं नाही आणि १९९४ मध्ये अपिलातही ते टिकलं नाही. वाटेत असलेलं पत्र आणि पेटीत पडलेलं पत्र यांना कायदा वेगळं मानतो, असा त्याचा अर्थ. आपल्या सगळ्यांचा पत्रव्यवहार आता कुणाच्या ना कुणाच्या सर्व्हरवर पडून असतो, म्हणून हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

छापखाना, टपालखाते की दुकान?

ईएफएफच्या कचेरीत गॉडविनचा दिवस मोठ्या खटल्यांत कमी आणि टेलिफोनवर जास्त जाई. बोर्ड चालवणारे लोक विचारत: माझ्या बोर्डवर एकानं दुसऱ्याची बदनामी केली, तर मी अडकेन का? पोलिसांनी संगणक मागितला तर द्यायचा का? कुणी चोरीचं सॉफ्टवेअर ठेवलं आणि मला ठाऊकच नव्हतं, तर? या लोकांना वकील परवडत नव्हता, आणि ज्यांना परवडत होता त्यांच्या वकिलाला बोर्ड म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गुंता होता. बदनामीच्या कायद्यात वर्तमानपत्राचा संपादक जबाबदार असतो, कारण छापण्यापूर्वी तो मजकूर वाचतो. पुस्तकविक्रेता सहसा जबाबदार नसतो, कारण दुकानातलं प्रत्येक पुस्तक त्यानं वाचलेलं असावं अशी अपेक्षा नसते. टेलिफोन कंपनीवर तर फोनवरच्या बोलण्याची जबाबदारी येतच नाही. मग ऑनलाइन सेवा यातली कोण? १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं कॉम्प्युसर्व्ह या सेवेला पुस्तकविक्रेत्याच्या रांगेत बसवलं आणि मोकळं केलं. १९९५ मध्ये त्याच राज्यातल्या दुसऱ्या कोर्टानं प्रॉडिजी या सेवेला संपादकाच्या रांगेत बसवलं. कारण काय, तर प्रॉडिजी अश्लील आणि शिवराळ मजकूर काढून टाकायची, म्हणजे ती मजकुरावर नजर ठेवते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की त्यांतून एक विचित्र धडा निघत होता. जो अंगण झाडतो त्यानं दंड भरावा आणि जो कचऱ्याकडे पाहतही नाही तो सुटावा. ही उलटी गत सुधारण्यासाठी क्रिस कॉक्स आणि रॉन वायडन या दोन लोकप्रतिनिधींनी १९९६ च्या दूरसंचार कायद्यात कलम २३० घातलं. दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराबद्दल सेवा पुरवणाऱ्याला लेखक किंवा प्रकाशक मानायचं नाही, असं ते सांगतं. वाचकांचे अभिप्राय, ग्राहकांची मतं, लोकांनी लोकांसाठी लिहिलेला ज्ञानकोश, हे सगळं या कलमाच्या आधारानं वाढलं. मोठ्या कंपन्यांनी याच कलमाआड आपली जबाबदारी झटकली, हा आक्षेपही आज तितक्याच जोरानं घेतला जातो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. पण १९९५ सालच्या बोर्डचालकाला घरदार गमावायची भीती होती, हे विसरून त्या कलमाचं मोल ठरवता येत नाही.

मुखपृष्ठावरची भीती

त्याच दूरसंचार कायद्यात दुसरं एक प्रकरण होतं. नेब्रास्काचे सिनेटर जेम्स एक्सन यांनी पुढे रेटलेला ‘कम्युनिकेशन्स डीसेन्सी अॅक्ट’. अल्पवयीन मुलांच्या नजरेस पडू शकेल असा ‘अशोभनीय’ मजकूर इंटरनेटवर ठेवला, तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, शिवाय जबर दंड. अशोभनीय म्हणजे काय, हे मात्र धूसर.

या कायद्यावर चर्चा चालू असताना ‘टाइम’ साप्ताहिकाचा ३ जुलै १९९५ चा अंक निघाला. मुखपृष्ठावर कीबोर्डसमोर बसलेलं भेदरलेलं मूल. आत एका अभ्यासाचा हवाला देऊन ८३.५ टक्के हा आकडा छापला होता. घाईत वाचणाऱ्याला वाटावं, की इंटरनेटवरची बहुतेक सगळी चित्रं अश्लीलच. सिनेटमध्ये हा अभ्यास लगेच पुरावा म्हणून फडकवला गेला.

गॉडविननं यावेळी कोर्टातली उलटतपासणीची शिस्त कोर्टाबाहेर वापरली. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डोना हॉफमन आणि थॉमस नोव्हाक या अभ्यासकांसह इतर अनेकांनी तो अभ्यास ओळीओळीनं तपासला. अभ्यास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पदवीच्या एका विद्यार्थ्याचा होता. ज्या कायदेविषयक नियतकालिकात तो आला, तिथे संपादन विद्यार्थी करतात; संख्याशास्त्राच्या जाणकाराकडून आधी तपासून घेण्याची पद्धत तिथे नव्हती. पाहणीतली बरीचशी सामग्री इंटरनेटवरची नव्हतीच. पैसे भरून प्रवेश मिळणाऱ्या, प्रौढांसाठीच्या खासगी बोर्डांवरची होती. आणि तो गाजलेला आकडा यूजनेटवरच्या केवळ चित्रांसाठी राखलेल्या चर्चागटांपुरता होता. ‘टाइम’ला तीनच आठवड्यांत अभ्यासातल्या उणिवांविषयी छापावं लागलं. शिकागोतल्या ७९,४४९ डॉलरसारखाच हा ८३.५ चा आकडा होता: नेमका, वजनदार आणि आतून पोकळ.

तरीही कायदा झालाच. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. त्याच दिवशी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियननं, म्हणजे एसीएलयूनं, फिलाडेल्फियात दावा ठोकला. ईएफएफ वादींपैकी एक होती आणि गॉडविन वादींच्या वकिलांच्या फळीत होता. आपल्या लहान मुलीनं मोठी झाल्यावर, इंटरनेटवरचं स्वातंत्र्य हिरावलं जात होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं विचारलं तर काय उत्तर देऊ, याची मला काळजी वाटते, असं तो त्या काळात म्हणत असे. अश्लीलतेच्या भीतीनं हवालदिल झालेल्या पालकांना एका बापानं दिलेलं हे उत्तर होतं.

फिलाडेल्फियाच्या तीन न्यायाधीशांसमोर जे घडलं ते या पेशाचं सार आहे. कोर्टाच्या दालनात इंटरनेटची जोडणी आणली गेली, पडदे लावले गेले, आणि न्यायाधीशांनी स्वतः पाहिलं, की पान कसं उघडतं, शोध कसा घेतात, मुलांसाठी मजकूर गाळणारं सॉफ्टवेअर कसं चालतं. निकालपत्रात कायद्याच्या चर्चेआधी इंटरनेट म्हणजे काय याचं वर्णन शंभराहून अधिक परिच्छेदांत केलेलं आहे. सरकारचं म्हणणं होतं, की हे रेडिओ-टीव्हीसारखं आहे. घरात आपोआप घुसतं, म्हणून जास्त निर्बंध हवेत. वादींचं म्हणणं होतं, की हे छापील शब्दासारखं आहे. वाचकानं पावलं उचलून शोधल्याशिवाय ते समोर येत नाही. पडद्यावर प्रत्यक्ष पाहिल्यावर न्यायाधीशांना दुसरं म्हणणं पटलं. ११ जून १९९६ रोजी तिघांनीही वादींच्या बाजूनं कौल दिला. २६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘रेनो विरुद्ध एसीएलयू’ या खटल्यात तो उचलून धरला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालानुसार इंटरनेटवरच्या शब्दाला छापील शब्दाइतकंच पूर्ण संरक्षण मिळालं.

कलम अखेरपर्यंत वाचा

गॉडविन नंतर अनेक संस्थांमध्ये राहिला. १९९८ मध्ये त्याचं ‘सायबर राइट्स’ हे पुस्तक आलं. २००७ ते २०१० तो विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा प्रमुख विधी सल्लागार होता. तिथला एक प्रसंग छोटा आहे, पण वकिली म्हणजे काय हे त्यातून कळतं. २०१० मध्ये एफबीआयनं पत्र पाठवून विकिपीडियाच्या लेखातलं आपलं बोधचिन्ह काढायला सांगितलं. कायद्यानं अशा चिन्हाची नक्कल करायला बंदी आहे, असं पत्रात उद्धृत केलं होतं. गॉडविननं मूळ कलम काढून वाचलं. त्यात बिल्ला, ओळखपत्र ‘किंवा तत्सम चिन्ह’ अशी यादी होती. पत्रात यादीतले आधीचे शब्द गाळून शेवटचाच तुकडा ठेवला होता. ते शब्द जागेवर ठेवले की अर्थ उघड होतो. तोतया अधिकारी बनून लोकांना फसवू नये म्हणून हा कायदा आहे. ज्ञानकोशातल्या चित्रासाठी तो नाही. त्यानं तसं सविस्तर उत्तर लिहिलं आणि गरज पडली तर कोर्टात भेटू असंही कळवलं. बोधचिन्ह लेखात राहिलं.

पालघरपर्यंत

फिलाडेल्फियातल्या त्या दाव्याचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ या लिलावाच्या संकेतस्थळावर एका विक्रेत्यानं आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली आणि दिल्ली पोलिसांनी कंपनीच्या प्रमुखाला अटक केली. प्रॉडिजीचाच प्रश्न पुन्हा समोर आला: दुकान चालवणारा आणि माल ठेवणारा एकच का? २००८ च्या दुरुस्तीत मध्यस्थाला मिळणारं संरक्षण जरा स्पष्ट झालं. पण त्याच दुरुस्तीनं कलम ६६अ आणलं. संगणकावरून किंवा फोनवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला, किंवा खोटी माहिती पाठवून कुणाला मनस्ताप दिला, कुणाची गैरसोय केली, तरी तीन वर्षांपर्यंत कैद.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि मुंबई बंद झाली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधल्या एका तरुणीनं या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांमध्ये ६६अ होतं. त्या घटनेनं अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या कायदा शिकू पाहणाऱ्या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं ६६अ घटनाबाह्य ठरवलं. शब्द इतके धूसर आहेत, की निरपराध माणूसही त्यांत सापडेल, हे त्यामागचं एक मुख्य कारण. आणि त्या युक्तिवादाच्या आधारासाठी निकालपत्रात ज्या विदेशी खटल्यांचा दाखला आहे, त्यात ‘रेनो विरुद्ध एसीएलयू’ आहे.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. कलम रद्द झाल्यानंतरही देशातल्या पोलीस ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदवले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानंच धक्का बसल्याचं सांगितलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असा स्वतंत्र आदेश द्यावा लागला. कोर्टात हक्क मिळवला तरी तो ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोचवणं हे काम उरतंच. गॉडविनच्या पिढीतल्या वकिलांनी त्यासाठीची रीत घालून दिली आहे. आकडा आला की तो सोलून पाहायचा, कलम आलं की ते अखेरपर्यंत वाचायचं, आणि यंत्र आलं की त्याच्याविषयी मत देण्याआधी ते चालू करून बघायचं. आता चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि माणसासारखं लिहिणारी यंत्रं कोर्टाच्या पायऱ्या चढत आहेत. त्यांच्यासाठी नवे कायदे लागतील, आणि ते चांगले व्हायचे असतील तर आधी हा तासाभराचा गृहपाठ करायलाच हवा.